बदली

"किती दिवस राहणार?"

"पंधरा."

"कुणाकडं?"

"फिरायला."

"कशासाठी ते नाही विचारलं. कुणाकडं, ते विचारलं."

काचेच्या पलीकडं उभी राहून तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिच्या मागं रांग वाढत होती.

मी तेव्हा विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर होते. मूळची पोलीस खात्यातली सब-इन्स्पेक्टर, तिथं प्रतिनियुक्तीवर. २००९ सालचा नोव्हेंबर होता आणि सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आखाताकडं जाणारं तिचं विमान अकरा-वीसला सुटायचं होतं. कोणत्या देशात, ते मुद्दाम सांगत नाही. त्याऐवजी शेजारचा देश घातला तरी गोष्ट तीच राहील.

पासपोर्ट कोरा होता. गंगामणी पोशट्टी इबितवार, वय सत्तावीस, जिल्हा नांदेड. शेवटच्या पानावर 'स्थलांतर तपासणी आवश्यक' असा शिक्का. दहावीपर्यंत न शिकलेल्यांच्या पासपोर्टवर तो असायचा. अशा माणसानं ठरावीक देशांत कामाला जायचं असेल, तर सरकारची आगाऊ परवानगी लागायची. आणि घरकामाला जाणाऱ्या बाईला तिशीच्या आत ती मिळतच नसे. परदेशातल्या घरांत पोरींचे हाल होतात, म्हणून केलेला नियम. एजंट लोकांनी त्यावर तोड काढली होती. बाईला कामाला म्हणून पाठवायचंच नाही, फिरायला म्हणून पाठवायचं. व्हिसा पर्यटनाचा, हातात परतीचं तिकीट, आणि तोंडात पाठ केलेली चार वाक्यं.

या बाईची तीन वाक्यं म्हणून झाली होती आणि चौथं ती विसरली होती.

अंगावर नवा पंजाबी ड्रेस होता, दुकानातल्या घड्या अजून तशाच. पायात साध्या रबरी चपला. हाताच्या बोटांची टोकं तपकिरी. मी नांदेडकडं दोन वर्षं नोकरी केलेली होती. ती बोटं विड्या वळणाऱ्या बाईची, हे मला लांबून कळलं असतं. माणूस बघितला की त्याच्या पोटातलं ओळखते, असा माझा तिथं लौकिक होता. संशयित प्रवासी आला की आमचे शिफ्ट इनचार्ज वाघचौरे साहेब म्हणायचे, "पुसदेकर बाईंकडं द्या, त्या बरोबर काढतात." मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

मी शेजारच्या सहकाऱ्याला रांग घ्यायला सांगितली आणि तिला घेऊन चौकशीच्या खोलीत गेले. खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक जाडजूड रजिस्टर आणि भिंतीवरचं घड्याळ. दाराला अर्धी काच होती.

"बस. पाणी पाहिजे?"

"नगं."

"हॉटेलचं नाव सांग."

"पेपरवर हाय की."

"पेपर मी बघितला. तू सांग."

तिनं घड्याळाकडं बघितलं, मग दाराच्या काचेकडं. मग एकदम म्हणाली, "मॅडम, म्या फिरायला नाही चालले. घरकामाला चालले."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत इतक्या लवकर कुणी कबूल झालं नव्हतं. लोक रडतात, शपथा घेतात, पाया पडतात, कुणाचे तरी फोन आणतात. खरं बोलतात ते सगळ्यात शेवटी. ही दुसऱ्या प्रश्नालाच बोलली होती.

"कुणी पाठवलं?"

"एजंटानं. पण म्या सोताहून चालले. माझी अक्का हाय तिथं."

मग तिनं सांगितलं. मला विचारावंही लागलं नाही फारसं. अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, राजमणी. तिचा नवरा शिंदीच्या झाडावरून पडून गेला. पदरात दोन पोरी. त्या आजीजवळ ठेवून ती अडीच वर्षांपूर्वी आखातात एका घरी कामाला गेली होती, अशीच, फिरायला म्हणून. पहिलं वर्षभर दर शुक्रवारी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा यायला लागला. गेले पाच महिने काहीच नाही.

"एजंट काय म्हणतो?"

"म्हणतो, सुखात हाय."

"तक्रार केली का कुठं?"

तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक कागद काढला. तहसील झालं होतं, कलेक्टर कचेरी झाली होती, गावच्या मास्तरांनी दिल्लीलाही अर्ज लिहून दिला होता. हा दिल्लीचा जबाब होता. दोन ओळींचा. सदर महिला नोकरीनिमित्त परदेशी गेल्याची नोंद आढळत नाही.

ते खोटं नव्हतं. नोंद नव्हतीच. कागदावर राजमणी फिरायला गेली होती, आणि फिरायला गेलेल्या बाईला शोधत सरकार कुठल्या घराचं दार वाजवणार?

"मग तू तिथं जाऊन काय करणार?"

"त्याच घरात काम मिळालंय मला."

"त्याच? तुझी बहीण आहे तिथंच?"

"व्हय."

"आणि मग?"

"अक्काला घरला पाठवते."

"तू?"

तिनं पिशवी मांडीवर ओढली. "म्या येते की मग."

तेवढ्यात दार उघडून वाघचौरे साहेब आत आले. संगमनेरकडचा सरळ माणूस. कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. त्यांनी उभ्या उभ्या पासपोर्ट चाळला.

"काय म्हणते?"

"बहिणीला शोधायला चाललीय, सर. घरकामाच्या नावानं."

"कबूल केलं?"

"हो."

"मग बघायचं काय राहिलं? तिशीच्या आतली, दहावी नाही, घरकाम. तीन गोष्टी झाल्या. चौथी लागत नाही. ऑफलोड करा, विमानात बसू देऊ नका."

"सर, हिच्या बहिणीचा पाच महिने पत्ता नाही. दिल्लीहून असं उत्तर आलंय." मी कागद पुढं केला.

त्यांनी तो वाचला, घडी घालून परत तिच्या हातात दिला. मग मला म्हणाले, "पुसदेकर बाई, एक बेपत्ता आहे म्हणून दुसरी पाठवायची का?"

मी काही बोलायच्या आत एक हवालदार धावत आला. सात नंबरच्या काउंटरवर सहा माणसं एकाच हस्ताक्षरातले फॉर्म घेऊन उभी होती आणि त्यातला एक पळायच्या बेतात होता. साहेब निघाले. दारातून वळून म्हणाले, "एअरलाइनला कळवा आणि हिला खाली पाठवा. रजिस्टरला घ्या."

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. स्पीकरवर तिच्या विमानाची घोषणा सुरू झाली, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. अकराला गेट बंद होणार होतं.

मी रजिस्टर पुढं ओढलं. नाव, पासपोर्ट क्रमांक, विमान, वेळ, हे सगळं लिहून झालं. शेवटचा रकाना होता अभिप्रायाचा. तिथं मी थांबले.

"परत पाठवलं तर काय करशील?" मी विचारलं.

"तुम्ही पाठवलं तर जाईन की. सरकारनं आडवलं म्हणून सांगन घरी." असं म्हणून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "माय काय म्हणंल? पोरी काय म्हणतील? आडवलं तर आडवलं. माझ्या हातात काय हाय?"

ती नजर मला ओळखता आली, असं मला वाटलं. सगळीकडं हात पसरून झालेल्या माणसाची नजर. आपण या टेबलावर बसून रोज चाळीस-पन्नास बायका अडवतो आणि त्यांचं भलं केलं म्हणून घरी जाऊन जेवतो. त्यातल्या किती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानतळावरून गेल्या, ते कोण बघतं? ही पोर निदान डोळे उघडे ठेवून चालली होती. सगळ्या कचेऱ्यांनी हात वर केल्यावर ही एकटी तरी उठून बहिणीला शोधायला निघाली होती, आणि तिलाच मी अडवणार?

दहा पन्नास.

मी एका चिठ्ठीवर आपल्या वकिलातीचा फोन नंबर लिहिला. "हे चपलेत ठेव. पिशवीत नको, पिशवी ते लोक घेतात. पोचल्यावर पहिली संधी मिळाली की इथं फोन कर. कळलं?"

"व्हय."

"एजंटाला काही सांगू नकोस."

"नाही."

मी रजिस्टरात अभिप्राय लिहिला : 'पर्यटन. उत्तरं समाधानकारक.' खाली सही केली. मग तिच्या पासपोर्टवर जाण्याचा शिक्का मारला, तारीख नीट उमटली का ते बघितलं आणि पासपोर्ट तिच्यापुढं धरला.

ती तो घेईना.

"अगं, घे."

"जाऊ म्या?"

"जा. गेट बंद होईल."

"जाऊ का खरंच, मॅडम?"

"जा म्हणते ना!" मी उठले, पासपोर्ट तिच्या हातात कोंबला, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराबाहेर काढलं. ती चार पावलं चालली, वळून माझ्याकडं बघत राहिली. मी हातानं खुणावलं, पळ. मग ती पळाली. रबरी चपलांचा फटफट आवाज त्या गुळगुळीत फरशीवर बराच वेळ ऐकू येत राहिला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी वाघचौरे साहेब परत आले.

"कुठंय ती?"

"सोडली, सर. पुन्हा विचारलं तर म्हणाली चुलत्याकडं चाललीय. मी फोन लावून खात्री केली."

साहेबांनी रजिस्टर वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. पंधरा दिवसांनी मला खालच्या मजल्यावर आगमनाच्या काउंटरवर टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आगमनाच्या बाजूला एक वेगळी रांग असायची. ज्यांचे पासपोर्ट हरवलेत किंवा मालकानं दाबून ठेवलेत, त्यांना आपली वकिलात घरी येण्यापुरता एक पांढरा कागद देते. त्याला सगळे आउटपास म्हणतात. असे लोक आले की त्यांना बाजूला बसवून विचारपूस करायची, हे माझं नवं काम.

जानेवारीच्या एका दुपारी त्या रांगेत एक बाई आली. चाळिशीची वाटत होती, कागदावर वय एकतीस. उजवं मनगट वाकडं जुळलेलं. कागद तिनं डाव्या हातानं पुढं केला. राजमणी नरसय्या गुंडेवार, माहेर इबितवार.

नाव वाचून मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. "राजमणी! आलीस तू! आणि गंगामणी? मागं आहे का?" मी तिच्या खांद्यावरून रांगेकडं बघायला लागले.

राजमणी माझ्याकडं बघत राहिली.

"तुम्ही पुसदेकर मॅडम का?"

"हो. तुला कसं माहीत?"

"मणी म्हणली. लई चांगल्या हायत म्हणली. सोडलं म्हणली तुम्ही तिला."

"ती कुठंय?"

"तिथंच हाय."

"कधी येणार?"

"आता कशाची येती?" राजमणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "माझ्या जागी गेली ती, मॅडम. बदली."

मी खुर्चीत बसले.

तिनं सांगितलं ते असं. जिन्यावरून ढकलल्यामुळं तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात कुणी नेलं नाही, हाड वाकडं जुळलं, जड भांडं उचलेना. मालकीणबाई म्हणाली, तू आता माझ्या कामाची नाहीस, पण मी तुला आणायला एजंटाला भरपूर मोजलंय. दुसरी बाई आण आणि तू जा. एजंटानं धर्माबादजवळच्या त्यांच्या गावी जाऊन आईला निरोप दिला. दुसरी म्हणजे कोण, तेही त्यानंच सुचवलं. धाकटी रिकामीच आहे, नवऱ्यानं टाकलेली. राजमणीला हे कळलं तेव्हा तिनं शेजारच्या बंगल्यातल्या बाईचा फोन मागून घरी फोन केला होता. मणीला पाठवू नका, एवढंच बोलता आलं. मग फोन ओढून घेतला गेला, आणि तेव्हापासून ते पाच महिने.

"मणीला हे सगळं माहीत होतं?" मी विचारलं.

"घरात सगळ्यांनाच माहीत व्हतं. माय म्हणली, राजीच्या दोन लेकी हायत, तुला कोण हाय?"

मला चौकशीच्या खोलीतला तो संवाद शब्द न शब्द आठवत होता. अक्काला घरला पाठवते. तू? म्या येते की मग. ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती, फक्त पुरतं बोलली नव्हती. आणि मी पुरतं विचारलं नव्हतं.

"ती दाराच्या आत आली अन् मला दाराच्या भाईर काढलं," राजमणी म्हणाली. "एकमेकीशी बोलूबी दिलं नाही नीट. वकिलातीच्या गेटापशी गाडीतून उतरवून गेले मला. मॅडम, तुमच्या हातात असंल तर बघा. ती माझ्यासारखी नाही. लई भित्री हाय ती."

त्या दिवशी घरी जाऊन मी काय जेवले, मला आठवत नाही. तीन दिवस मी ड्युटी केली. तीन दिवस मी फोन करत होते. दिल्लीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यानं तत्परतेनं चौकशी केली आणि मला कळवलं : सदर महिला नोकरीनिमित्त परदेशी गेल्याची नोंद आढळत नाही.

त्या नावापुढं नोंद होती ती माझीच. पर्यटन. उत्तरं समाधानकारक.

चौथ्या दिवशी सकाळी मी दोन पानी जबाब लिहिला. अमुक तारखेला अमुक महिलेनं मला स्वतः सांगितलं की ती घरकामासाठी जात आहे. तिचं वय नियमात बसत नव्हतं. वरिष्ठांनी तिला थांबवण्याचा आदेश दिला होता. तो मोडून मी तिला जाऊ दिलं आणि रजिस्टरमध्ये जाणूनबुजून खोटी नोंद केली. घराचा पत्ता आणि मालकाचं नाव राजमणीनं सांगितलं होतं, ते खाली लिहिलं. सही केली आणि वाघचौरे साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. चष्मा काढला.

"त्या दिवशी फोन लावला होता म्हणालात."

"खोटं बोलले."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं. बाई, हे मी वर पाठवलं तर चौकशी लागेल. वर्दी जाऊ शकते."

"नाही पाठवलं तर ती कुठल्याच कागदावर नाही, सर. फिरायला गेलीय ती."

त्यांनी दुसरं पान स्वतःपुढं ओढलं आणि पेन काढलं. मग म्हणाले, "आदेश मी तोंडी दिला होता. लेखी द्यायला पाहिजे होता. तेवढं मीही लिहितो खाली." आणि त्यांनी माझ्या सहीखाली आपल्या हातानं तीन ओळी लिहिल्या.

माझी चौकशी लागली. दोन वेतनवाढी थांबल्या आणि मला मूळ खात्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्यात परत पाठवलं. वाघचौरे साहेबांनाही ताकीद मिळाली. पण तो कागद हलला. वकिलातीनं त्याचा आधार घेऊन तिथल्या पोलिसांना लिहिलं. घरमालकानं आधी सांगितलं अशी कुणी बाई नाहीच, मग सांगितलं पळून गेली, आणि मे महिन्यात तिथल्या पोलिसांनी तिला त्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीतून बाहेर काढलं.

जूनमध्ये साहेबांचा फोन आला. "उद्या सकाळी साडेनऊच्या विमानानं येतेय तुमची ती. यायचं तर या."

मी रजा टाकून गेले. राजमणी तिच्या दोन्ही पोरींना घेऊन आधीच आली होती. आम्ही बाहेरच्या कठड्याला टेकून उभ्या होतो. गंगामणी बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, राजमणीनं ओळखलं. डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. बहिणीनं मिठी मारली तेव्हा तो सरकला, तर केस पार कानांपर्यंत कापलेले. मालकिणीला अन्नात केस सापडला म्हणून तिनं ते कात्रीनं कापून टाकले होते. धाकटी पोर घाबरून आईच्या मागं लपली.

राजमणी पोरींना घेऊन गावाकडच्या गाडीची चौकशी करायला गेली. आम्ही दोघी चहाच्या टपरीशी बाकड्यावर बसलो. गंगामणीनं दोन्ही हातांनी कप धरला होता. मी काय बोलावं हे येतानाच्या प्रवासात दहा वेळा ठरवलं होतं.

"गंगामणी, त्या दिवशी मला तू पूर्ण सांगितलं असतंस, बदली म्हणून चाललीस हे, तर मी..."

"तर?"

"तर मी तुला सोडलं नसतं."

ती चहाकडं बघत होती.

"मॅडम, म्या तुम्हाला का सांगितलं घरकामाला चालले म्हणून? एजंटानं बजावलं व्हतं, मेली तरी सांगू नको. सांगितलं की आडवतात."

मी तिच्याकडं बघितलं.

"आडवतात म्हणूनच सांगितलं," ती म्हणाली. "घरात नाही म्हणता येईना मला. माय रडायली, पोरी तोंडाकडं बघायल्या. कुण्या तोंडानं नाही म्हणू? मला वाटलं, सरकार आडवंल. सरकारनं आडवलं म्हणलं तर कोण काय बोलंल? त्या सायबांनी आडवलं बी व्हतं. मला लई बरं वाटलं. मग तुम्ही शिक्का मारला."

बाजूला टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता. माझ्या हातातला कप मी बाकड्यावर ठेवला. दोनदा विचारलं होतं तिनं. जाऊ म्या? जाऊ का खरंच, मॅडम? आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला ढकललं होतं.

"एकदा थांब म्हणायचं व्हतं तुम्ही," ती म्हणाली.

मला माफ कर, असं काहीतरी मी पुटपुटले असेन. तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. समोरून राजमणी येत होती. एका हातात तिकिटं, दुसऱ्या, वाकड्या हाताला धाकटी पोर लोंबकळत होती. कशावर तरी दोघी हसत होत्या.

गंगामणी त्यांच्याकडं बघत म्हणाली, "पण तुम्ही आडवलं आसतं, तर ही मेली आसती तिथं. म्हणून म्या हे कुणाला बोलत नाही. तुम्हालाच सांगितलं."

मग तिनं चहा संपवला, रुमाल नीट बांधला आणि धाकटीला उचलून घ्यायला उठली.